कासवआजोबांची गोगलगाय

गोष्टी झाडाझाडांवरून फिरत, तेव्हाची ही हकिगत. कासवआजोबांनी रचलेली गोगलगाईची गोष्ट साळुंकीला इतकी आवडली, की तिने पुढचा भाग रचून गोगलगाईला थेट समुद्रावर नेलं आणि रानभर सांगत सुटली. आजोबांचं नाव मात्र कुठेच घेतलं नाही.

“आजोबा निघालेत हं तुझ्याकडे,” सकाळीच खार म्हणाली.

साळुंकी धास्तावून शेंड्यावरून वाट पाहू लागली. त्यात कासवाची ती चाल! दुपार झाली तरी आजोबा ओढ्यापाशीच. तिला एका फांदीवर बसवेना.

संध्याकाळी आजोबा पोचले. “पोर माझी, आणि नेताना मला विचारलंसुद्धा नाहीस?” ते धापा टाकत म्हणाले. “बरं, पोचली ना नीट?”

साळुंकीने सगळ्यांना हाका मारल्या. “ऐका! गोगलगाय आजोबांची आहे. माझा फक्त समुद्र.”