भित्रं घड्याळ

रेवती उद्या पहिल्यांदाच स्कूबा डायव्हिंगसाठी मालवणच्या समुद्रात उतरणार होती, आणि तिच्या आईच्या, इंदुताईंच्या घशाखाली सकाळपासून घास उतरला नव्हता. तशाच अवस्थेत दोघी अप्पासाहेब शिरगावकरांच्या दुकानात घड्याळ घ्यायला आल्या. अप्पासाहेब गिऱ्हाईकाला कधी विचारत नसत, सांगत.

“हे न्या,” त्यांनी एक चकचकीत घड्याळ पुढे केलं. “माझा मुलगा हेच घालून आज तिकडेच बुडी मारायला गेलाय. याचं तबकडीभोवतीचं कडं दोन्हीकडे फिरतं. ते दुसरं साधं आहे, फक्त उलटं फिरतं.”

“कडं कशाला असतं?” इंदुताईंनी विचारलं.

“उतरताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची,” रेवती म्हणाली. “म्हणजे खाली किती वेळ झाला ते कळतं. त्यात चूक झाली तर हवा संपते.”

इंदुताईंनी कड्यावर बोट ठेवलं. “आणि खडकाला घासून कडं सरकलं तर?”

त्यांनी दोन्ही कडी फिरवून पाहिली. साध्या घड्याळाची खूण फक्त मागेच सरके, त्यामुळे वेळ नेहमी जास्तच झालेला दिसे. चकचकीत घड्याळात कधी जास्त, कधी कमी.

“एवढी भीती वाटते तर मुलीला घरीच ठेवा,” अप्पासाहेब हसले.

“मला तिच्याबरोबर खाली जाता येत नाही, म्हणून माझी भीती तिच्या हातावर बांधून पाठवते,” साधं घड्याळ उचलत इंदुताई म्हणाल्या. “हे चुकलं तरी आईसारखं ‘लवकर वर ये’ म्हणेल. तुमचं चुकलं, तर ‘थांब अजून’ म्हणेल.”

अप्पासाहेबांचं हसू मावळलं. त्यांनी मुलाला फोन लावला. तो उचलेपर्यंत दुकानात कुणी हललं नाही.