झिऱ्याचा राखणदार

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे. मोठे भाविक आणि कामसू होते ते. त्या जंगलावर एका वृद्ध हत्तिणीची सत्ता होती. एका वर्षी उन्हाळा इतका कडक पडला की नदी पार आटली. तेव्हा हत्तिणीने कोरड्या पात्रातली वाळू पायांनी खोल उकरली आणि पाण्याचा झिरा मोकळा केला. मग आपला कळप घेऊन ती दूरच्या वनात निघाली. जाताना तिने साळिंदराला बोलावून सांगितले, "मी येईपर्यंत हा झिरा तुझ्या हाती. पाणी माझं आहे, हे विसरू नकोस. सगळ्यांना सांभाळ."

साळिंदराचा ऊर भरून आला. एवढ्या प्राण्यांत धनीणबाईंनी आपल्यालाच निवडले! ते रोज सकाळी झिऱ्याचा काठ झाडी, पळसाची फुले आणून मांडी आणि हत्तिणीची स्तुती गाई. पण एकदा ससा पाणी प्यायला वाकला आणि त्याच्या पायांनी काठाची वाळू आत ढासळली. पाणी गढूळ झाले. साळिंदराचा जीव कासावीस झाला. धनीणबाई आल्या आणि त्यांनी असे पाणी पाहिले तर? तेव्हापासून ते येणाऱ्याजाणाऱ्याची पारख करू लागले. सशाला म्हणाले, "तू पाणी नासवतोस." कोल्ह्याला म्हणाले, "तू चोरटा आहेस." मोराला म्हणाले, "स्तुतीच्या वेळी कधी दिसला नाहीस, आता बरा आलास!" ज्याचा त्याचा काही ना काही दोष निघेच. तरीही कुणी पुढे सरकले, तर साळिंदर काटे फुलवून खळखळ वाजवी. हळूहळू जंगल ओस पडले. ज्यांच्या पायांत बळ होते ते दूर निघून गेले. ज्यांच्या पायांत नव्हते, ते झाडांखाली आडवे झाले आणि पुन्हा उठलेच नाहीत.

एका दुपारी एक हरिणी आपल्या पाडसाला नाकाने ढकलत, सावरत झिऱ्यापाशी आली. "साळिंदरदादा, मला नको. माझ्या लेकराला तेवढा एक घोट द्या."

"तुझ्या कळपानं धनीणबाईंच्या वाटेवरची कोवळी रोपं खाऊन टाकली होती. विसरलीस?"

"खाल्ली, दादा. चुकलंच आमचं. पण तेव्हा हे जन्मलंसुद्धा नव्हतं."

क्षणभर साळिंदर बाजूला झाले. पण एकीला दिले की दहा जण येतील, या विचाराने ते पुन्हा आडवे आले. "पाणी माझं नाही गं, मी कसं देऊ?" असे म्हणून त्याने पाठ फिरवली आणि काटे उभारले. पाडसाला ऊन लागू नये म्हणून आपल्या अंगाची सावली धरून हरिणी उभी राहिली. दिवस कलता कलता पाडसाचा श्वास थांबला, तरी ती हलली नाही. साळिंदराने तिकडे पाहायचे टाळले आणि स्तुती सुरू केली. पण त्या दिवशी त्याचा सूर काही लागेना.

दुसऱ्याच दिवशी हत्तीण परतली. साळिंदर धापा टाकत सामोरे गेले. "या धनीणबाई! बघा, तुमच्या पाण्याला कुणाला तोंड लावू दिलं नाही."

हत्तिणीने झिऱ्याकडे पाहिलेही नाही. "माझी रानातली लेकरं कुठं आहेत?" तिने विचारले.

साळिंदराने ओस पडलेल्या रानाकडे पाहिले.

"अरे, झिरा जेवढा उपसावा तेवढा झिरपतो," हत्तीण म्हणाली. "दिलं असतंस तर सगळ्यांना पुरलं असतं."

हे ऐकून साळिंदर तिच्या पायांपुढे आडवे झाले. "मला तुडवा, धनीणबाई! माझी तीच लायकी आहे." पण हत्तिणीने पाय उचलला नाही. सोंडेत पाणी भरून तिने त्याच्यापुढे धरले. "उन्हातून धावत आलास. पी."

साळिंदराने तोंड लावले, पण न पिताच मागे घेतले.

मग ते "या रे, पाणी प्यायला या!" अशा हाका मारीत रानभर फिरले. ओ द्यायला कुणी उरले नव्हते. अखेर एका वाळक्या करवंदीच्या जाळीपाशी तीच हरिणी बसलेली दिसली. साळिंदराने तिच्यापुढे लोळण घेतली. "ताई, मला माफ कर. चल, हवं तेवढं पाणी पी."

"राग नाही, दादा, तुमच्यावर," हरिणी हळूच म्हणाली. "पण आता मी कुणासाठी येऊ?"

तिने डोळे मिटून घेतले, ते पुन्हा उघडलेच नाहीत. साळिंदर संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ बसून होते. आता कुणाला हाक मारावी, हेही त्याला सुचेना.

तात्पर्य : देव आपल्या हाती जे सोपवतो ते त्याच्या लेकरांसाठी असते. ते अडवून केलेली भक्ती त्याला रुचत नाही. अपराध्यालाही त्याची क्षमा मिळते. पण दया करण्याची वेळ हातची गेली, तर ती कोणत्याही पश्चात्तापाने परत येत नाही.