हैबतीचे सात हात

“सगळा बांध सरकारला बांधता येत होता, मग माझ्या आजारी दादाच्या वाट्याला वीस हात कशाला ठेवले?”

एकदा एक धाकटा भाऊ हा प्रश्न घेऊन गावभर फिरला.

त्याचा थोरला भाऊ हैबती नुकताच काविळीने गेला होता. उतारावरच्या त्याच्या शेताला सरकारी योजनेतून दगडी बांध घातला जात होता. बहुतेक काम सरकारचे, थोडे शेतमालकाने स्वतः करायचे. त्याला लोकवाटा म्हणत. वीस हात लांबीपैकी तेरा हात हैबतीने रचले, सात राहिले. पावसाला महिना होता. त्या खिंडारातून माती वाहून गेली, तर वहिनीने पेरायचे कशात?

धाकटा मात्र हटून बसला. “सरकारनं सुरू केलं, सरकारच पुरं करील. मी दगडाला शिवणार नाही!”

शेवटी तो आबांकडे गेला. दोघा भावांना दगड रचायला याच वृद्धाने शिकवले होते. प्रश्न ऐकून आबा म्हणाले, “चल, आधी एक दगड आणू.”

पलीकडच्या टेकडीवर सरकारने सबंध फुकट बांधून दिलेला बांध होता. तो जागोजागी ढासळला होता. आबांनी त्यातला एक चांगला दगड उपसला आणि धाकट्याच्या खांद्यावर दिला.

“आबा, ही चोरी न्हवं का?”

तिथे शेळ्या राखणारी एक म्हातारी हसली. “ने की रे बाबा! सरकारी हाय. माझ्या चुलीचे तिन्ही दगड हितलेच.”

दोघे हैबतीच्या शेतावर आले. आबा वाकले आणि तिथल्या बांधातला दगड उपसू लागले. धाकट्याने खांद्यावरचा दगड टाकून त्यांचे मनगट धरले.

“हात लावू नका! दादानं रचलाय तो!”

“कशावरून? सरकारच्या वाट्याचा असेल.”

धाकट्याने बांध न्याहाळला. सरकारचे काम कुठे संपले आणि दादाचे कुठे सुरू झाले, ते त्याला ओळखता येईना.

आबा म्हणाले, “बाळा, हा तुकडा सरकारला जड नव्हता. पण मग हा बांधही ‘सरकारी’ झाला असता, आणि आपल्याकडे सरकारी म्हणजे कुणाचाच नाही. तुझ्या दादानं तेरा हात रचले आणि सगळा बांध आपलासा केला. तू आत्ता माझा हात धरलास, तो त्या तेरा हातांनी. आता सोड. म्हाताऱ्याचं हाड आहे, दुखतं.”

धाकटा हुंदके देत खाली बसला. आबांनी त्याला पोटभर रडू दिले. मग म्हणाले, “तो दगड टेकडीवर परत बसवून ये. मग आपलं काम.”

चार दिवस तो राबला. दादा बसवायचा तसा प्रत्येक दगड त्याने लांब बाजू आत घालून बसवला. वहिनीने फटीत भरायला दगडाच्या चिपा वेचून दिल्या. खिंडार बुजले.

योजनेचे साहेब पाहणीला आले. लोकवाट्याच्या कागदावर ते धाकट्याचे नाव लिहू लागले.

“माझं नको. दादाचं.”

“अरे, पण ते तर…”

“वाटा त्याचाच होता, साहेब. मी नुसता पोचवला.”

दुसरीतून शाळा सुटलेल्या त्या पोराने पेन मागून घेतले, कागद बांधावर ठेवला, आणि ‘हैबती’ लिहिताना ‘है’वरच्या दोन्ही मात्रा जपून काढल्या.