नदीपलीकडचे सुतक

एकदा एका वृद्ध गुरूंनी नदीपलीकडच्या माळावर वस्ती वसवली. घरांनी टाकलेली माणसे तिथे राहत. त्यांत त्यांची एक शिष्या होती. तिच्या अंगावर रक्तपितीचा डाग उठला, तेव्हा भावांनी नदीकाठी मडके फोडून तिचे जिवंतपणीच श्राद्ध उरकले होते. वस्तीत ती बरी झाली, गुरूंजवळ बसून ग्रंथ वाचू लागली.

सणाच्या सकाळी एका गुराख्याकडून तिला आई गेल्याचे कळले. ती धावतच गावी पोहोचली. सारे उरकले होते. थोरला भाऊ उंबऱ्यात आडवा उभा राहिला.

"दादा, निदान सुतकाला तरी बसू दे. लेक आहे मी तिची."

"सुतक घरच्यांना असतं. तू आमची कोण?"

दार लागले.

ती परतली तेव्हा वस्तीत पुरण शिजत होते. गुरूंनी विचारले, तेव्हा तिने घडले ते सांगितले. गुरू उठले. त्यांनी देव्हाऱ्याचा पडदा ओढला आणि चूल सांभाळणाऱ्या गोजराला म्हणाले, "पुरण उतरव. आपल्याला सुतक आलंय."

"कुणाचं ओ बाबा?" गोजरा फणकारली. "इथं कुणाला नात्याचं उरलंय कोण? अन् मरणाचा विटाळ नसतो म्हणून आम्हाला शिकवलं कुणी?"

"हिची आई गेली."

गोजराने पातेले उतरवले.

शिष्येला राहवेना. "बाबा, तुम्ही तिला पाहिलंही नव्हतं. आणि जिला जन्मभर हसलात, तीच रीत आज पाळता?"

"विटाळ मी आजही मानत नाही, पोरी. पण कुणाच्या मरणाने कुणाची चूल थांबते, यावरून घर ओळखता येतं. भावाने तुझ्याकडून आईचं दुःखही काढून घेतलं. एकटीने किती वाहशील? बस इथे. आम्ही सगळे बसतो."

तेव्हा कुठे ती रडली.

पुढे वस्तीतला एक मुका म्हातारा वारला. त्याचे नावगाव कुणालाच ठाऊक नव्हते. त्याला पोहोचवून सारे परतले, तोच एक व्यापारी मिठाईची टोपली घेऊन आला.

शिष्या पुढे झाली. "आज नको, शेठजी. सुतक आहे."

"त्या म्हाताऱ्याचं? त्याला तर कुणीच नव्हतं म्हणतात. मग सुतक कुणाला?"

"आम्हाला," ती म्हणाली आणि देव्हाऱ्याचा पडदा तिने स्वतःच्या हाताने ओढला.