खालच्या माणसाचा खड्डा

आमच्या कुंभेवाडीच्या सुतारआळीतला हा लांबट, पुरुषभर खोल खड्डा पाहुण्यांना कोरडी टाकी वाटतो. पण हा ओंडके कापायचा खड्डा आहे. ओंडका खड्ड्यावर ठेवायचा, एकाने वर उभं राहायचं, दुसऱ्याने खाली उतरायचं आणि दोघांनी मिळून लांब करवत ओढायची. तालुक्याला लाकूड कापायची गिरणी झाली, तरी मोठी लाकडं आम्ही अजून इथेच कापतो, तेही एका रीतीने. त्या रीतीमागची हकिगत सासूबाईंनी मला सांगितली, तशीच सांगते.

फार पूर्वी इथे धाकोजी सुतार राहत असे. नुसत्या वासावरून तो झाड ओळखायचा म्हणे. साऱ्या गावाची घरं त्याने उभी केली, पण त्याची बायको भागू आठ वर्षं गवती छपराखालीच होती. पावसाळ्याआधी तुला पक्कं घर बांधून देतो, असा शब्द त्याने तिला दिला होता.

त्या साली फाल्गुनात डोंगराला वणवा लागला. वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, एक मोठं झाड तेवढं उभं उरलं, पण साल जळलेली आणि अंगावर पान नाही. धाकोजीने खोड हुंगलं आणि सांगितलं, "किंजळ आहे. घराला चांगलं लाकूड."

भागू म्हणाली, "अहो, पालवी फुटू दे. पान बघू, मग तोडा."

"पालवी फुटेस्तोवर पाऊस येईल. तू भाकरी ओळख, लाकूड मी ओळखतो," तो हसून म्हणाला.

झाड पाडलं, ओंडका खड्ड्यावर चढवला. जोडीला माणूस मिळेना, म्हणून भागूच खाली उतरली. करवत चालली तसा भुसा तिच्या तोंडावर पडू लागला.

"थांबा हो, डोळ्यांची आग होतेय."

"खाली उभं राहिलं की भुसा जायचाच. ओढ."

ती पुन्हा म्हणाली, "थांबा." पाऊस तोंडावर होता. धाकोजी ओढत राहिला आणि तीही ओढत राहिली.

संध्याकाळी तिचा चेहरा सुजला, अंगभर फोड आले. धाकोजीने आपले हात पाहिले. त्यांवर चिकाचे काळे डाग होते. किंजळ नव्हे, ज्याचा चीक अंगावर उततो तो बिब्बा होता. नवव्या दिवशी सूज उतरली, तिने पापण्या उघडल्या, पण तिला दिसेना.

पावसाळ्यात सड्यावरच्या बुंध्याला धुमारे फुटले. धाकोजीने एक पान आणून तिच्या हातात दिलं. तिने ते वरून, खालून चाचपलं आणि सांगितलं, "बिब्बा." मग म्हणाली, "मला ओळखता आला असता हो."

ते घर झालंच नाही. धाकोजीने वर उभं राहणं कायमचं सोडलं. मरेपर्यंत तो दुसऱ्यांच्या लाकडासाठी खाली उतरत राहिला, असं सांगतात. तेवढ्याने काही फिटलं नाही. भागू गवती छपराखालीच गेली.

आजही इथे पानाशिवाय ओंडका कापत नाहीत. खाली उतरणारा डोळे मिटून पान चाचपतो आणि झाडाचं नाव घेतो, मगच करवत लागते. आणि खालून एकदा "थांब" आलं, की वरचा जागच्या जागी थांबतो. का, म्हणून विचारत नाही. भागूने दोनदा सांगितलं होतं.