दिग्विजयचा खुराक

“...पण वस्ताद, डबाच संपला, तर गोटा उचलू कशाच्या जोरावर?”

सकाळची मेहनत नुकतीच संपली होती. मकबूल वस्ताद आखाड्याच्या कडेला बसून लाल माती हातानं सारखी करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कसला डबा?”

“क्रिएटिनचा. ताकदीच्या पावडरीचा.”

वस्तादांना ठाऊक नव्हतं असं नाही. दोन महिने अख्ख्या तालमीला दिग्विजय सरनोबतनं दुसरं काही ऐकूच दिलं नव्हतं. पोरगा ताकदीचा, मेहनतीला वाघ, पण तोंडाला कुलूप नाही.

आमच्या तालमीच्या दारात एक दगडी गोटा पडलेला असतो. उरसाच्या दिवशी जो गोटा खांद्यावर घेईल, त्याला तालमीचा फेटा बांधतात. यंदाचा फेटा आपलाच, असं दिग्विजयनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं. त्याच्या आईनं पेढेसुद्धा सांगून ठेवले होते. उरूस उद्यावर आला, आणि हा पठ्ठ्या नाव मागे घ्यायला आला होता.

“नवा डबा सोमवारी येतोय,” तो म्हणाला. “गोट्याचं पुढल्या वर्षी बघू.”

“आणि आईला काय सांगणार?”

दिग्विजय पायाच्या अंगठ्यानं माती उकरायला लागला.

“मग माझी थंडाई घे की.”

“राग मानू नका वस्ताद. थंडाई वेगळी, हे वेगळं. हे शास्त्र आहे. सपाट चमचा, ग्लासभर पाणी. एक दिवस चुकवला नाही मी.”

“आज घेतलंस?”

“आजचा चमचा तेवढा राहिलाय. आता घरी जाऊन घेणार.”

वस्ताद उठले, हात झटकले.

“चल. मला बघायचंय कसं करतोस.”

दिग्विजयचं घर तालमीच्या समोरच, मध्ये फक्त बोळ. वस्ताद निघाले म्हटल्यावर आम्हीही चार-पाच जण मागोमाग निघालो. असलं काही चुकवणारे आम्ही नव्हे.

त्याच्या आईनं, सुमनवहिनींनी, वस्तादांना पाट दिला. आम्ही स्वयंपाकघराच्या दारात दाटीवाटीनं उभे राहिलो.

दिग्विजयला आता रंग चढला. त्यानं डब्याच्या तळाची पांढरी पावडर चमच्यात घेतली, वरून सुरीनं सपाट केली. फ्रीजमधून बाटली काढली. पाणी इतकं गार की ग्लासाला लगेच बाहेरून दव आलं. पावडर टाकली. चमचा दोनदा गर्रकन फिरवला, आणि घटाघटा पिऊन टाकलं.

“झालं,” तो म्हणाला. “चव नाही, वास नाही. सोपं आहे.”

मग ग्लास घेऊन तो दाराकडे निघाला.

“कुठं निघालास?” वस्ताद म्हणाले.

“ग्लास विसळायला.”

“दाव.”

वस्तादांनी ग्लासात डोकावून पाहिलं. तळाशी पांढरा थर बसला होता. चांगलं बोटभर पाणी अंगावर घेऊन निवांत बसला होता.

“हे काय?”

“गाळ आहे, वस्ताद. राहतोच.”

“रोज राहतो?”

“रोज.”

“रोज टाकतोस कुठं?”

“दारातल्या जास्वंदीला.”

आम्ही सगळे मान वळवून दाराकडे बघायला लागलो. दारात पत्र्याच्या डब्यात जास्वंद उभी होती, लाल फुलं लेवून, अगदी खुशीत.

“अगं बाई!” सुमनवहिनी म्हणाल्या. “तरी मी म्हणतेय, मातीवर पांढरं काय येतंय. मी रोज बुरशी म्हणून खरवडतेय!”

दिग्विजयचं तोंड उघडंच राहिलं. आम्हाला हसू फुटत होतं, पण वस्तादांसमोर हसायची सोय नव्हती.

“वहिनी,” वस्ताद शांतपणे म्हणाले, “थोडं पाणी कोमट करा. हाताला सोसेल इतकंच.”

वहिनींनी पाणी दिलं. वस्तादांनी ते त्याच ग्लासात ओतलं आणि ढवळायला लागले. सावकाश. मध्येच थांबायचे, ग्लास उजेडाला धरायचे, पुन्हा ढवळायचे. आम्हाला पोटातली भूक आठवली, तरी त्यांचं चालूच.

“आता काय दिसतंय?”

“काहीच नाही,” दिग्विजय म्हणाला. “नुसतं पाणी.”

“गाळ?”

“...विरघळला.”

“घाई नव्हती ना त्याला.”

दिग्विजयनं ग्लास घ्यायला हात पुढं केला. शेवटचा चमचा होता तो. डोळ्यांत प्राण आणून बघत होता.

वस्तादांनी ग्लास तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला.

“वस्ताद!”

“बरं आहे की,” वस्ताद मिशा पुसत म्हणाले. “म्हाताऱ्याला चालतं हे. आता डबा खरंच संपला. चल.”

“कुठं?”

“गोट्याकडं.”

“पण वस्ताद, माझ्या पोटात तर...”

“मेहनत सुरू केलीस तेव्हा गोटा कुठवर येत होता?”

“नडगीपर्यंत.”

“आता?”

“छातीपर्यंत.”

“कशावर आणलास?”

“पावडरीव...” म्हणता म्हणता तो थांबला. दाराकडे बघितलं. जास्वंदीकडे बघितलं.

पहिल्यांदा हसल्या त्या सुमनवहिनी. पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. मग आम्ही सुटलो. मग दिग्विजयच हसायला लागला, आणि असा हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. दोन महिन्यांत त्याला इतकं मोकळं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं.

डोळे पुसत तसाच तो बोळ ओलांडून गेला. ना दंड थोपटले, ना आमच्याकडे बघितलं. गोट्याला मिठी मारली. गुडघा. मांडी. छाती.

छातीशी गोटा अडला. नेहमी तिथंच अडायचा.

“आई गं...” तो म्हणाला, आणि पुन्हा हसूच आलं त्याला. हसता हसता कमरेतून एक हिसका दिला.

गोटा खांद्यावर होता.

आम्ही ओरडलो, शिट्ट्या मारल्या. सुमनवहिनी दारात उभ्या राहून रडत होत्या आणि हसतही होत्या.

“वस्ताद!” खांद्यावरचं ओझं सावरत दिग्विजय ओरडला. “आलं ध्यानात! आता ठेवू कुठं?”

वस्तादांनी त्याच्याकडे बघितलं. मग बोळापलीकडे बघितलं.

“जास्वंदीपाशी ठेव. ...बघू, उचलती का.”