वडिलांचे नऊ सूर

एकदा एका संगीतकाराने स्वतःचीच धून ऐकू येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली.

वृद्ध होते ते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. चित्रपटांना पार्श्वसंगीत देण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पडद्यावर माणसं भेटतात, भांडतात, निघून जातात. तेव्हा त्यांच्या मागे काहीतरी हलकेच वाजत असतं. प्रेक्षकाला ते वेगळं ऐकूही येत नाही, पण तो रुमाल शोधू लागतो. ते वाजणं म्हणजे अण्णांचं काम.

त्यांची एकच धून मात्र लोकांना वेगळी ऐकू आली होती. सासरी निघालेल्या मुलीच्या दृश्यासाठी त्यांनी ती केली होती. अठ्ठावीस वर्षं झाली, तरी बँडवाले मुलीला निरोप देताना तीच वाजवत. लग्नसराईत बँड रस्त्यावरून जाऊ लागला, की अण्णा हातातलं काम टाकून उठत, खिडकी लावत, कडी घालत आणि आवाज लांब जाईपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे राहत.

त्यांच्याजवळ एक शिष्य होता. बत्तीस वर्षांचा, हुशार, थोडा उतावळा. आठ वर्षं तो अण्णांच्या हाताखाली काम करत होता. वादक त्या खिडकीवरून थट्टा करत आणि हाही त्यात सामील होई.

एकदा तो म्हणाला, "अण्णा, तुमच्या घरी मुलीचं लग्न असतं तर काय केलं असतंत? बँडवाल्यांना हाकलून दिलं असतंत?"

व्हायोलिनवाले काका हसले. अण्णा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. "वादकांचा चहा झाला का बघ," एवढंच म्हणाले.

त्या दिवसांत एका नव्या चित्रपटाचं काम चाललं होतं. त्यात एक दृश्य होतं. एक म्हातारा बाप अनेक वर्षांनी मुलाच्या दाराशी येतो. दार बंद आहे. आतून ताटांचा आवाज येतो आहे. तो कडी वाजवायला हात वर करतो. बोटात लाल खड्याची अंगठी आहे. हात तसाच क्षणभर थांबतो, मग खाली येतो, आणि म्हातारा मागे वळून चालू लागतो. संवाद एकही नाही. जे सांगायचं ते संगीतानेच सांगायचं होतं.

अण्णांनी चार निरनिराळ्या चाली केल्या. दिग्दर्शक प्रत्येक वेळी मान हलवी आणि म्हणे, "अण्णा, गोड आहे. पण ह्या म्हाताऱ्याची नाही वाटत."

पाचव्या दिवशी दुपारी वादक जेवायला गेले होते. ऑपरेटर तेच दृश्य पुनःपुन्हा पडद्यावर लावून बघत होता. शिष्य कोपऱ्यात पेटीपाशी बसला होता. त्याचं लक्ष धड पडद्याकडेही नव्हतं. भाता हलवता हलवता त्याच्या बोटांनी नऊ सूर वाजवले. वर चढणारे पाच, मग एक थांबा, मग खाली उतरणारे चार.

दिग्दर्शक खुर्चीतून उठला.

"काय वाजवलंस हे?"

"काही नाही. असंच."

"असंच नाही रे बाबा! पुन्हा वाजव. हात वर जातो तिथून." शिष्याने वाजवलं. दिग्दर्शकाने डोळ्यांवर रुमाल धरला. "अण्णा, ऐकलंत ना? हेच मी पहिल्या दिवसापासून मागतोय! ह्या मुलाचं नाव पडद्यावर स्वतंत्र टाकतो. मोठ्या अक्षरांत."

आठ वर्षं शिष्य ह्याच शब्दांची वाट बघत होता. त्याने अण्णांकडे पाहिलं. अण्णा त्याच्याकडे नव्हे, पेटीकडे बघत होते.

"कुणाची आहे ही?" त्यांनी विचारलं.

"माझ्या वडिलांची," शिष्य म्हणाला, आणि त्याने सगळी हकीकत सांगितली.

शिष्याचे वडील पेट्या दुरुस्त करत. तालुक्याच्या गावी, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. त्यांना गाणं येत नव्हतं, वाजवणंही येत नव्हतं. एखादी पेटी दुरुस्त झाली, की ती पारखायला ते हे नऊ सूर वाजवत. आधी पेटीच्या फळीला कान लावत, मग वाजवत, आणि शेवटचा सूर नीट लागला की म्हणत, "बोलायला लागली." मग हात पुसत आत येत आणि मुलाला विचारत, "जेवलास का?" लहानपणी ह्याला त्या नऊ सुरांचा अर्थ एवढाच माहीत होता, की आता बाबा आत येणार.

वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचा फोटो एकच होता, कुठल्याशा ओळखपत्रावरचा, आणि त्यात ते दुसरेच कुणी वाटत. शिष्याला वडील हवे असत, तेव्हा तो डोळे मिटून ते नऊ सूर वाजवी. मग पेटीवर वाकलेली पाठ, नाकावर घसरलेला चष्मा आणि फळीला लावलेला कान त्याला स्पष्ट दिसत.

"उद्या सांगतो," अण्णा दिग्दर्शकाला म्हणाले.

"उद्या काय सांगायचंय आता?" दिग्दर्शक हसत म्हणाला, पण अण्णांपुढे त्याचं काही चाललं नाही.

बाहेर येताच शिष्य म्हणाला, "अण्णा, स्पष्ट बोलू? तुमच्या चार चाली नापास झाल्या आणि माझी एक पास झाली, म्हणून उद्यावर टाकलंत. तुमची धून गावभर वाजते ती तुम्हाला नकोशी झाली, ठीक आहे. पण माझी तरी वाजू द्या."

अण्णा म्हणाले, "सकाळी नऊला ये. एकटाच."

सकाळी शिष्य आला, तेव्हा अण्णांनी ऑपरेटरला दृश्य लावायला सांगितलं. "वाजव," ते म्हणाले. शिष्याला वाटलं, अण्णांचं मन वळलं. त्याने जीव ओतून वाजवलं.

"पुन्हा."

त्याने पुन्हा वाजवलं.

"हात वर जातो तिथे पहिला सूर येऊ दे. अर्ध्या क्षणाचाही उशीर नको. अंगठीवर नजर ठेव."

तिसऱ्यांदा, सातव्यांदा, दहाव्यांदा. सूर आणि हात आता एकदम उचलले जात होते, एकदम खाली येत होते. शिष्याला स्वतःच्या कामाचा अभिमान वाटू लागला. एकविसाव्या वेळी ऑपरेटरही म्हणाला, "वा! जणू तो म्हाताराच वाजवतोय."

अण्णांनी पडदा बंद करायला लावला आणि ऑपरेटरला चहाला पाठवलं. मग ते शिष्यासमोर येऊन बसले.

"आता डोळे मीट. आणि वडिलांसाठी वाजव."

शिष्याने डोळे मिटले. नऊ सूर वाजवले. त्याचा हात भात्यावर थांबला. त्याने पुन्हा वाजवलं. मग तिसऱ्यांदा, घाईघाईने, जणू खिशातली एखादी वस्तू चाचपून बघावी तसं.

"काय दिसतंय?" अण्णांनी विचारलं.

शिष्य म्हणाला, "दार दिसतंय. हात दिसतोय. अंगठीचा." त्याने डोळे उघडले. "अण्णा, बाबा येत नाहीयेत."

अण्णा हळूहळू बोलू लागले.

"मला एक मुलगी होती. कुंदा. तुला ठाऊक नाही. इथल्या कुणालाच ठाऊक नाही. आई केस विंचरायला बसली, की तिला गुंता ओढलेला सोसायचा नाही. म्हणून ती तोंडातल्या तोंडात एक गाणं म्हणायची. शब्द नव्हते त्याला, नुसतं गुणगुणणं. नवव्या वर्षी तापाने दोन दिवसांत गेली. पुढे दोन वर्षांनी माझ्याकडे ते सासरी जाण्याचं दृश्य आलं. मला काही सुचेना. मग तिचं गुणगुणणं आठवलं, आणि मी ते देऊन टाकलं. वाटलं, माझी कुंदा आता कायमची राहील. सगळी थिएटरं रडली. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू? नंतर एका दुपारी कपाटात तिचा कंगवा सापडला. तो हातात धरून मी ते गुणगुणलो, आणि डोळ्यांपुढे आली ती नटी. मोटारीत बसताना पदर सावरणारी. मी किती प्रयत्न केले! कुंदाचा चेहरा परत आला नाही."

शिष्याची मान खाली गेली. खिडकीवरून केलेली थट्टा त्याला आठवली.

"भिंतीवरचा फोटो रोज बघून बघून माणसाचा चेहरा जातो आणि फोटोच उरतो, तसं आहे हे. पडदा फार मोठा असतो रे. त्याच्यापुढे आपली आठवण लहानशी. सूर आणि चित्र एकत्र बांधायचं हेच आपलं काम, आणि आपण ते इतकं चांगलं करतो की मग ते सुटत नाही. मी खिडकी का लावतो, विचारायचास ना? प्रत्येक लग्नसराईत ती नटी माझ्या दारावरून जाते आणि कुंदाला आणखी थोडी घेऊन जाते."

"मग तुम्ही मला सरळ 'देऊ नकोस' असं का म्हणाला नाहीत?"

"तुला पटलं नसतं. मलाही माझ्या गुरूंनी सांगितलं होतं. मला वाटलं, त्यांना माझा हेवा वाटतोय." अण्णा किंचित हसले. "आता तू ठरव. धून तुझी आहे, बाप तुझा आहे. तू दिलीस तर मी अडवणार नाही. तुझं एका सकाळचंच आहे, कदाचित पुसलं जाईल. माझ्यासारखं अठ्ठावीस वर्षांचं नाही झालेलं."

"पण अण्णा, आपलं दुःख नाही घालायचं तर त्यात घालायचं काय? कोरडंच वाजवायचं?"

"वडिलांची धून देऊ नकोस. वडिलांचा कान दे. पेटीचा कोणता सूर बोलत नाही, हे ते फळीला कान लावून ऐकायचे, असं तूच सांगितलंस. तसा त्या दृश्याला कान लाव. तो म्हातारा कुठे बोलत नाहीये, ते ऐक."

शिष्य पेटी बंद करून उठला. वडिलांची धून देणार नाही, असं त्याने दिग्दर्शकाला सांगितलं. दिग्दर्शक आधी समजावत राहिला, मग चिडला. "नशीब दारात आलं आणि तू त्याला दारातूनच परत पाठवलंस," असं म्हणाला. स्वतंत्र नावाचा विषय पुन्हा निघाला नाही.

शिष्य तीन दिवस ते दृश्य आवाजाशिवाय बघत बसला. हात खाली येतो, त्यानंतर म्हाताऱ्याची छाती एकदाच हलते, हे त्याच्या लक्षात आलं. तिथे त्याने बासरीचा एकच खालचा सूर ठेवला, धाप लागल्यासारखा तुटणारा. दिग्दर्शकाने तो ऐकला. "चांगला आहे," तो म्हणाला. "पण ते नव्हे." चित्रपट आला, काही आठवडे चालला आणि गेला. त्या बासरीबद्दल कुणी काही बोललं नाही.

काम संपताच शिष्य गावी गेला. दुकानाचं कुलूप काढून तो वडिलांच्या जागेवर बसला. एक जुनी पेटी पुढे घेतली. पहिल्या दिवशी दारच दिसलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी दुपारी, आत आई ताटं मांडत असताना, फळीला लावलेला तो कान दिसला, मग चष्मा, मग वाकलेली पाठ. शिष्याला रडू कोसळलं. वडील परत आले होते.

फक्त पेटीवर ठेवलेल्या त्यांच्या बोटात एक लाल खड्याची अंगठी होती. वडिलांनी जन्मात कधी अंगठी घातली नव्हती. ती पुढेही कधी निघाली नाही.

काही वर्षांनी अण्णा अंथरुणाला खिळले. शिष्य रोज येऊन त्यांच्यापाशी बसे. त्यांचं बोलणं आता फार कमी झालं होतं. एका सकाळी लांबून बँड ऐकू आला. तीच धून. शिष्य चटकन उठला आणि खिडकीपाशी गेला. त्याचा हात कडीवर होता, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "राहू दे. उघडी ठेव."

"अण्णा, त्रास होईल."

"होऊ दे. बघू, कुंदा कुठे मागे राहिली असेल तर."

बँड खिडकीखालून गेला. अण्णांनी डोळे मिटले होते. त्यांचे ओठ हलत होते. कोपऱ्यावर वळेपर्यंत धून ऐकू येत राहिली, मग नुसता ढोल, मग तोही नाही.

शिष्याने वाकून हळूच विचारलं, "दिसली?"

अण्णांनी मान हलवली. नाही.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "पण आज ती नटीही दिसली नाही."

शिष्य त्यांचा हात हातात घेऊन बसून राहिला. खिडकी त्याने लावली नाही.